पारसरावांचे गाणे शेवटास गेले

करवीर मुलखीचे समस्त रसिकजन, तैसेच फुकटे व फर्माइशी, यांचे सेवेसी कलमदाराचा दंडवत. पारसराव गवई यांनी स्वतःचे गाणे खुद्द कोल्हापुरी कैसे तडीस नेले, ऐसी पृच्छा जाहली. त्याजवरून देखिले तैसे लिहितो. तिखटमीठ पडले असेल तर तो मुलखाचा गुण जाणावा.

पारसराव हे गुळाचे व्यापारी बापूसो यांचे एकुलते चिरंजीव. शब्द स्वतःच लिहीत, चाल स्वतःच लावीत, आणि वादक पोसणे परवडेना म्हणोन हाती गिटार, ओठी माउथ ऑर्गन, उजवे पायी ढोल व डावे पायी झांज ऐसी चतुरंग सेना एकाच देही बाळगीत. पुणे, बंगळूर येथे मोबाइलांत लौकिक जाहला. परंतु कोल्हापुरी दुसरे कडव्यास कोणी सरदार उठोन लावणीची फर्माइश करी आणि गाणे तेथेच गारद होई. मग बापूसोंनी हुकूम केला की, गावात आपले एक गाणे पुरे होईल तर गवई, न होईल तर दसऱ्यापासोन पेढीवर बसणे. पारसरावांचे तोंडचे पाणी पळाले.

तों गावचे कुस्तीचे तालमीचे वर्धापनदिनी गाण्याचे निमंत्रण आले. आधी सत्कार जाहले: माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, मंडपवाले आणि मंडपवाल्यांचे मेहुणे, सर्वांस फेटे बांधिले. मग पारसराव उभे राहिले, पहिले कडवे निभावले, आणि दुसऱ्यास गुंडू पैलवानांनी फर्माइशीचा हात वर केला. इतक्यात तालमीचे अध्यक्ष सयाजीराव यांस स्मरण जाहले की, गवयाचाच सत्कार राहिला. कोल्हापुरी सत्कार चुकणे म्हणजे राज्य बुडणे. सबब ते तैसेच मंचावर चढले आणि नारळ पुढे केला.

आता मोठा पेच पडला. हात काढावा तर गाणे मोडते, न काढावा तर अध्यक्षांची बेअदबी होते, आणि पायही रिकामे नाहीत. पारसरावांनी डोळ्यांनीच मुजरा करोन गाणे चालते ठेविले. नारळ दिल्याविना फोटो नाही आणि फोटोविना उतरणे नाही, म्हणोन सयाजीराव नारळ धरोन उभेच राहिले. अध्यक्ष उभे, म्हणोन कार्यकारिणी उभी राहिली, आणि मग अवघा मंडप उभा राहिला. अध्यक्षांदेखत ओरडण्याची छाती कोणाची? गुंडू पैलवानांनी निमूट हात खाली घेतला. तिसरे कडवे कोल्हापूरच्या हवेने प्रथमच ऐकिले, मग चौथेही ऐकिले, आणि गाणे शेवटास गेले.

सयाजीरावांनी नारळ देवोन फर्माविले, "गाणं लई लांब हाय, पण ग्वाड हाय की!"

मग बापूसो गर्दी सारोन पुढे आले. डोळे पुसले, आणि चारचौघांत गर्जले, "पारश्या, उद्यापास्नं पेढीवर दिसलास तर तंगडं मोडीन!"

ऐसा पितृप्रसाद पावोन पारसराव मंचावरच रडले. एक गाणे, चार कडवी, बिनफर्माइश पुरे जाहले. मोहीम फत्ते ऐसे दप्तरी रुजू केले असे.