कसोंडेची बोलणी

कसोंडे इंटरनॅशनल बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला होता. (म्हणजे नेमकं काय शिकतो, हे कब्वे गावातल्या त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यालाही नसे.) त्यामुळे थोरल्या बहिणीचं, लोम्बेचं, लग्न ठरवायला मलावीहून माणसं येणार म्हटल्यावर चोलामामा म्हणाले, "मुलगा परदेशी. बोलणी आपला कसोंडेच करील. शिकतोय कशाला मग?"

कसोंडेने नाही म्हणायला हवं होतं. त्याने टाय बांधला.

"माझ्यावर उपकार कर," लोम्बे म्हणाली, "हो म्हण आणि गप्प बस. चिकोंडीशिवाय मला दुसरा कुणी नको."

"ताई, पहिल्या प्रस्तावाला हो म्हणायचं नसतं!"

चिकोंडीच्या वतीने आलेल्या म्हाताऱ्या बांडांनी गुडघे टेकून, झाकलेलं ताट पुढे सरकवलं आणि मुलीबद्दल तिच्या घरच्यांना काय देणार ते सांगितलं. मामांची मान खुशीत हलायला लागली. कसोंडे मात्र गप्प. (आपण गप्प राहिलं की समोरचा अस्वस्थ होतो, असं सरांनी शिकवलं होतं.) अस्वस्थ झाले ते मामा.

"अरे, बोल की!"

"हे पुरेसं नाही," कसोंडे म्हणाला. "आमच्यापुढे इतरही पर्याय आहेत."

बांडा दचकले. "मुलीला दुसरं स्थळ आलंय?"

"ते गोपनीय आहे."

आत स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं.

आता शेवटचा डाव. उठून चालू लागायचं. समोरचा मनवायला मागे येतोच. कसोंडे ताडकन उठून अंगणात गेला. खरंच, मागून पावलं वाजली. तो हसून वळला. पाहुणे ताट घेऊन गाडीकडे निघाले होते.

"त्या दुसऱ्या स्थळाला, तिला सुखात ठेवा म्हणावं," बांडा म्हणाले.

मामांनी फोन केले, माफी मागितली. चिकोंडीने लोम्बेला एवढंच विचारलं, "दुसरा होता, तर मला का नाही सांगितलंस?" तिचं त्याने ऐकूनच घेतलं नाही. पुढच्या लग्नसराईत त्याने तिकडचीच, मलावीतल्या लिलाँग्वेची मुलगी केली. लोम्बे अजून घरीच आहे. कसोंडेला जेवायला वाढते, बोलत नाही.

परवा शेजारच्या म्वालेबाई आल्या. कसोंडेचा हात हातात घेऊन अजिजीने म्हणाल्या, "बाळा, आमची पोर एका उनाडावर भाळलीय. ऐकतच नाही. रविवारी त्याची माणसं येतायत. बोलणी करायला तू बसशील?"