पाखरांच्या पाण्याला सूट

माणसाला स्वतःच्या घरातली घाण दिसत नाही, ही निसर्गाने केलेली मोठी सोय आहे. नाहीतर घरात राहण्याचं धाडस कुणी केलं नसतं. याच तत्त्वावर त्या चार मजली इमारतीची डासनिर्मूलन समिती उभी होती. नियम एकच: प्रत्येकाने शेजाऱ्याचं घर तपासायचं, स्वतःचं नाही. प्रमुखपदी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. (मुलांची दप्तरं उपसण्यात हयात गेल्यामुळे लोकांच्या मोऱ्या उपसणं त्यांना जड गेलं नाही.)

दर रविवारी बाई हातात बॅटरी घेऊन निघत. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, वकिलांच्या बाल्कनीतला टायर, काही म्हणून सुटत नसे.

"बाई, टायर माझा आहे हे मान्य," वकील म्हणत. "आतलं पाणी पावसाचं आहे."

"आणि अळ्या?"

"त्यांनी अजून वकीलपत्र दिलेलं नाही."

बाईंच्या स्वतःच्या खिडकीत पाखरांसाठी एक पसरट मातीचं भांडं होतं. यजमान गेल्यापासून त्या रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी घालत. घालत फक्त, आधीचं ओतून टाकत नसत, कारण तहानलेल्या जिवापुढचं पाणी फेकायचं कसं? समितीने पहिल्याच बैठकीत या भांड्याला तपासणीतून सूट दिली. भूतदयेची झडती घेणं बरं दिसत नाही, असं एकमताने ठरलं. (एकमत बाईंचं होतं.)

आता डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूबद्दल. तो मोठा शिस्तीचा. पाखराच्या रक्तात तो वाढतो. पाखराला चावलेला डास त्याला पोटात घेतो आणि काही दिवसांनी माणसाला चावताना त्याच्या अंगात सोडतो. पाखरू, डास, डासाला अंडी घालायला पाणी आणि गाढ झोपलेला माणूस, ही चार खाती लांब लांब असली की त्याची फार धावपळ होते. बाईंच्या खिडकीत ती एका छपराखाली आली होती. (सरकारला हे कधी जमलेलं नाही.) खिडकीलगतच्या पलंगावर बाईंची धाकटी बहीण झोपे. वारा छान येतो म्हणून ती जागा ताईनेच तिला दिली होती.

बहिणीला सगळे छोटी म्हणत. साठी उलटली तरी छोटीच. कपडे शिवून ती आपल्यापुरतं मिळवी. लहानपणी दोघी एकाच मच्छरदाणीत झोपत. आत शिरलेला डास मारायचं काम कायम छोटीचं, कारण ताईला हिंसा सोसत नसे; ती फक्त डास कुठे बसलाय ते दाखवी. पुढे मच्छरदाणी मागासलेली ठरली आणि भिंतीत खोचायची सुवासिक यंत्रं आली. तो वास डासांनाही आवडला.

छोटीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू शिरला तरी बहुतेकांना काही कळतही नाही, काहींना ताप येतो, आणि शे-दीडशेत एखाद्याच्या मेंदूपर्यंत तो पोचतो. इमारतीत तेवढी माणसं होतीच. मान प्रमुखांच्या घराला मिळाला. मेंदूच्या वेशीवर म्हणे पहारा असतो. तो बऱ्याच औषधांना अडवतो आणि विषाणूला कधीमधी सोडतो. (इमारतीच्या वॉचमनची पद्धतही हीच.) छोटीची मान ताठली, हात थरथरू लागला, शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसले.

"ताई, कात्री दे गं. तहान लागलीय."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याची चूक दुरुस्त न करता ग्लास पुढे केला.

या विषाणूवर नेमकं औषध नाही. ताप उतरवायचा आणि वाट पाहायची. वाट पाहण्याच्या काळात समितीने वकिलांचा टायर जप्त केला. छोटी इस्पितळातून घरी आली. शब्द परत आले. उजवा हात आला नाही. शिलाई मशीनवर बाईंनी चादर घातली.

मग पालिकेचा तपासनीस आला. त्याला सूट देणारा ठराव माहीत नसल्याने त्याने थेट भांड्यात बॅटरी मारली.

"मावशी, पाणी कधीचं?"

"रोज ताजं घालते."

"आणि जुनं?"

पलंगावरून छोटी म्हणाली, "जुन्यावरच घालते. पडल्या पडल्या मी रोज बघायचे. वळवळायचं काहीतरी."

"मग बोलला का नाहीत?"

"आमच्याकडे स्वतःचं घर तपासायला बंदी आहे."

तपासनीस गेल्यावर बाईंनी भांडं मोरीत पालथं केलं आणि बराच वेळ तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. "ताई, ऊठ गं, गुडघे धरतील," छोटी आतून म्हणाली.

हल्ली बाई रोज स्वतःचंच घर तपासतात. त्यामुळे त्या समितीवर राहण्यास अपात्र ठरल्या असून प्रमुखाची जागा रिकामी आहे. हे वाचताना ज्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःची नव्हे, तर शेजारच्यांची बाल्कनी आली, ते सर्व पात्र आहेत. अर्ज करू नये. आपली निवड झालेली आहे.