सहाव्या मजल्यावरचा गरीब

देशाचं अर्थखातं आठ दिवस माझ्याकडे द्या, नवव्या दिवशी मध्यमवर्गाचे हाल संपवून दाखवतो, असं मी गेली वीस वर्षं चहाच्या टेबलावर सांगत आलोय. उपाय अगदी सोपा आहे. श्रीमंतांकडून घ्या! आम्हा पगारदारांचा कर पगार हातात पडण्याआधीच कापतात. आम्ही बापडे लपवणार काय आणि कुठे? ज्याच्याकडे खरोखर आहे, त्याच्या खिशाला हात लावा की! एवढी साधी गोष्ट कुणाला कशी सुचत नाही, याचं मला मोठं नवल वाटायचं.

देशाने काही मला विचारलं नाही. पण आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि माझी वेळ आली.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे संपावर आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन महिने खेटे घालून ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती चुकली तर पुढची सहा महिन्यांनी. आईला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचं मी ठरवलं, तर ती कडाडली, "मी जिवंत असताना चौघांनी उचलायचं नाही मला!"

म्हणजे लिफ्ट सुरू व्हायलाच हवी होती. सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. आमचे सेक्रेटरी निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी दुरुस्तीचा आकडा सांगितला आणि सभेत अशी शांतता पसरली की खालचा नळ गळतोय हे सगळ्यांना ऐकू आलं. सारखी वर्गणी काढली तर घरटी माझा दीड पगार!

मी उभा राहिलो. "सारखी का म्हणून? वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्या! ज्याच्याकडे जास्त, त्याने जास्त द्यावं!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या माना सहाव्या मजल्यावरच्या कंत्राटदाराकडे वळल्या. त्याची गाडी इतकी लांब की तिची मागची बाजू दातांच्या डॉक्टरांच्या जागेत उभी असते. पण सगळ्यांत जोरात टाळ्या तोच वाजवत होता! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"पण ऐपत ठरवायची कशी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दिसतंय की डोळ्यांना!" मी म्हणालो.

"दिसण्यावर जाऊ नका साहेब," कंत्राटदार नम्रपणे म्हणाला. "पुरावा हवा. तुमच्यासारख्या जाणकाराने नियम करावा, आम्ही मान्य करू."

झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. विमा कंपनीत तेवीस वर्षं मी नुकसानभरपाईचे अर्ज तपासतोय. बिल नाही तर वस्तू नाही, हा आमच्या खात्याचा नियम. अख्खं घर जळालेल्या माणसालाही मी शांतपणे "बिल?" असं विचारलेलं आहे. त्याच हाताने मी दोन पानी फॉर्म बनवला. ज्या वस्तूचे कागद तुमच्या नावावर, ती तुमची आणि तिचे गुण तुमच्या खात्यात; जितके गुण जास्त, तितकी वर्गणी जास्त.

त्या आठवड्यात आमची इमारत बघता बघता भिकेला लागली. दातांच्या डॉक्टरांनी फाटका बनियन मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी नवा पडदा काढून तिथे जुनी चादर लावली. घराघरांतली बिलं तर रातोरात हरवली. मी मात्र निर्धास्त होतो.

"अहो, छत्रीचंही बिल आहे. लिहू?" बायकोने फाइल उपसत विचारलं.

"लिही! प्रामाणिकपणा म्हणून काही आहे की नाही?"

मिक्सर, पंखे, चष्मा, छत्री, हप्त्यावरची छोटी गाडी, कर्जावरचं घर, सगळं लिहिलं. पुरवणी जोडावी लागली.

रविवारी सर्वांसमोर तपासणी झाली. कंत्राटदाराचा फॉर्म कोरा होता!

"हे काय? तुमचा फ्लॅट?" मी ओरडलो.

"सासूबाईंच्या नावावर."

"गाडी?"

"कंपनीची."

"कंपनी तुमचीच ना?"

"मेहुण्याची. मी तिथे नुसता सल्ला देतो."

"आणि हातातलं सोन्याचं घड्याळ?"

"मित्राचं आहे हो," तो खाली बघत म्हणाला. "परत करायचंय."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला, दोनदा बेरीज केली आणि माझा हात हातात घेतला. "अभिनंदन! इमारतीत सर्वांत श्रीमंत तुम्ही!"

मला काही समजेचना. "अहो, माझं घर बँकेकडे गहाण आहे! कर्ज वजा करा!"

"फॉर्ममध्ये कर्जाचा रकानाच नाही."

"असा कसा नाही? फॉर्म बनवला कुठल्या गाढवाने?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. बायको तेवढी कानाशी आली आणि कुजबुजली, "आपण एवढे श्रीमंत झालो आणि मला सांगितलंही नाहीत?"

माझ्या वाट्याला तीन पगार आले. दीड पगार महाग वाटला म्हणून उभा राहिलेला मी! भांडावं, तर ऑपरेशन चार दिवसांवर आणि पैसे मिळाल्याशिवाय लिफ्टवाला हात लावेना. बायकोच्या फ्रिजसाठी साठवलेले काढले, उरलेल्यासाठी ऑफिसातून उचल घेतली. कंत्राटदाराला गरीब म्हणून पूर्ण माफी मिळाली. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमची पद्धत फार आवडली. सगळीकडे लागू व्हायला हवी!"

गुरुवारी सकाळी लिफ्ट चालू झाली. आई खाली उतरली आणि माझी छोटी गाडी रुसली. किल्ली फिरवून फिरवून बोट दुखलं. एवढ्यात मागून ती लांब गाडी आली. "बसा, मी सोडतो दवाखान्यात."

आईने मऊ गादीवरून हात फिरवला. "गाडी केवढी मोठी रे! तुझी का, बाळा?"

"नाही आजी, कंपनीची."

"राहतोस कुठे?"

"इथेच, सासूबाईंच्या घरात."

"अरेरे," आई कळवळली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दवाखान्याच्या दारात मी तिला हात धरून उतरवलं. तिने बटवा उघडला, चाचपून एक नोट काढली आणि कंत्राटदाराच्या मुठीत कोंबली. "घे. नाही म्हणू नकोस. दुसऱ्याची गाडी चालवून पोट भरतोस, तरी आमच्यासाठी वाट वाकडी केलीस!"

त्याने नोट कपाळाला लावली आणि खिशात घातली!

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय सांगणार? आईला डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण माझ्या फॉर्मप्रमाणे तिचं अगदी बरोबर होतं.