क्षार-सहनशीलता उपसमितीचा अहवाल

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या बोअरला खारे पाणी येते, ही बाब सर्वसाधारण सभेने यंदा गांभीर्याने घेतली. कारण फाटकाजवळची जास्वंद वाळली होती. माणसे दोन वर्षे तेच पाणी पीत होती, पण ती फाटकातून दिसत नाहीत.

सेक्रेटरी हर्षवर्धन पालव यांनी 'शोभिवंत वनस्पती क्षार-सहनशीलता चाचणी उपसमिती' नेमली आणि अध्यक्षपदी स्वतःची बिनविरोध निवड करून घेतली. क्रोटन, मोगरा, शेवंती, पाम अशा चोवीस कुंड्या दोन रांगांत मांडल्या. एका रांगेला बोअरचे पाणी, दुसरीला तुलनेसाठी गोडे. गोड्या पाण्याचा टँकर येऊ लागला तसे सभासद बादल्या घेऊन धावले. चाचणी दूषित होऊ नये म्हणून टँकरपाशी वॉचमन उभा करण्यात आला.

दुसऱ्या मजल्यावर मनोरमाकाकू एकट्या राहतात. त्यांना रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, तेव्हा त्यांनी आधी लोणचे-पापड आणि मग भाजीतले मीठही सोडले. तरी आकडा खाली येईना. शेवटी त्या कळशी घेऊन खाली आल्या. पालवांनी त्यांना नियम वाचून दाखवला: गोडे पाणी फक्त चाचणीत नोंद असलेल्या सजीवांसाठी.

"मग माझी नोंद कर, हर्षवर्धन," काकू म्हणाल्या. "कुंडीत उभी राहते."

"काकू, तुम्ही शोभेच्या वर्गात बसत नाही."

महिन्याभरात खारी रांग वाळली. जिवंत झाडे सोसायटीच्या परिस्थितीस अपात्र आहेत, असा उपसमितीने निष्कर्ष काढला आणि सगळीच झाडे काढून प्लास्टिकची आणली. पण बोअरच्या पाण्याने धुतली की त्यांच्या पानांवर पांढरे डाग पडतात. त्यामुळे टँकर चालूच राहिला, वॉचमनही.

गेल्या आठवड्यात काकू जिन्यात कोसळल्या. अँब्युलन्स वीस मिनिटे फाटकाबाहेर उभी होती. आत टँकर होता आणि पाने धुणे चालू होते. काकू अजून परतलेल्या नाहीत.

सोमवारच्या सभेत पालवांनी विचारले, टँकरबद्दल कोणाची हरकत आहे का. मला लाज वाटत होती, तरी हात वर झाला नाही. रविवारी मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि फाटक प्रसन्न दिसायला हवे होते. तुम्हीही आमच्याकडे येता तेव्हा फाटकातच थांबून म्हणता, "काय हिरवंगार ठेवलंय हो!" दुसऱ्या मजल्यावरचे दार बंद का, हे काही तुम्ही विचारत नाही.