कव्हर न काढण्याच्या अटीवर

अंबडच्या गोदातरंग कॉम्प्युटर्सचा जिल्ह्यातला बाजारहिस्सा यंदा तीन टक्क्यांवरून एकेचाळीसवर गेला. असे काहीही घडलेले नाही, असे धरून पुढे वाचावे. (संचालक मंडळाचा ठरावही तसाच आहे.)

वापराने वस्तू झिजते, हे शास्त्र आहे. कंपनीने तक्रारी तपासल्या तेव्हा शंभर टक्के तक्रारी कॉम्प्युटर सुरू करणाऱ्यांच्याच निघाल्या. सुरू न करणारे कमालीचे समाधानी होते. विक्री अधिकारी आल्हाद खात्री करायला निफाडला चंद्रभागाबाईंकडे गेला. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या कव्हरात; कव्हरावर कुंकवाचं स्वस्तिक.

"काकू, चालतो कसा?"

"चालवतंय कोण? नवा हाय."

"चार वर्षं झाली की घेऊन."

"मंग? चालवला असता तर राह्यला असता का नवा? दर खंडेनवमीला पूजा करतो त्याची."

आल्हादने अहवाल दिला. (साडेतीन पाने, पैकी तीन चहापोह्यांबद्दल.) कंपनीने कव्हर कायमचे चिकटवले आणि आजन्म वॉरंटी दिली. कव्हर काढल्यास वॉरंटी रद्द. खप दुप्पट झाला. मग आतला मदरबोर्ड काढला, तक्रार नाही. हार्डडिस्क काढली, दोन प्रशंसापत्रे आली. नवे मॉडेल उचलून पुसायला हलके पडते, असे सुरगाण्याच्या एका शाळेने कळवले. ग्राहकाला अंधारात ठेवलेले नाही. संपूर्ण माहितीचे पत्रक कव्हरच्या आत आहे.

अडचण एकच, चाचणी विभागाच्या मनीषाबाई. बारा वर्षे त्या प्रत्येक कॉम्प्युटर सुरू करून तपासत. आता बटण दाबतात, काही होत नाही, 'योग्य' असा शिक्का मारतात. नियमानुसार खंडेनवमीपर्यंत एकही तक्रार आली नाही, तर चाचणी विभाग बंद, म्हणजे मनीषाबाई घरी.

"मॅडम, तक्रारी शून्य," आल्हाद म्हणाला.

"मग पेढे देऊ का राजीनामा?"

शेवटी त्यांनी परिपत्रक काढले. ते येथे जसेच्या तसे देत आहोत:

'सर्व ग्राहकांस विनंती की, खंडेनवमीपूर्वी कोणीतरी एकाने कव्हर काढून बटण दाबावे व काहीही होत नसल्याची लेखी तक्रार करावी. एकदम जीव होत नसल्यास, सरावासाठी प्रथम आपल्या टीव्हीच्या रिमोटचे प्लॅस्टिक काढावे (ते अजून तसेच आहे, याची या विभागास कल्पना आहे) आणि काढल्याचा पुरावा दोन प्रतींत सादर करावा.'