शेवंतासाठी पिठलं-भात

लोक कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. आमच्या विक्रोळीच्या चाळीत शेजारच्या बाबुराव परबांनी कोळी पाळला होता. कोळी कसला, तळहाताएवढं केसाळ धूड! गावाहून फणसाच्या पोत्यातून आलं नि इथेच राहिलं. नाव ठेवलं शेवंता. काचेच्या मोठ्या बरणीत, गॅलरीतल्या खिडकीत, बरोब्बर माझ्या दारासमोर.

गिरणी बंद पडल्यापासून हा एकटा माणूस दिवसभर घरी. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून उभा करायचा. शेवंताने पुढचे पाय उचलले की आतले पिवळेधमक पट्टे दिसायचे. "काठ बघा, काठ! लुगड्याक सुद्धा असो मिळाचो नाय!" कोणी तोंड वाकडं केलं की परब वसकन अंगावर यायचे, "नजर व्हयी, नजर!"

माझं तर डोकंच फिरायचं. माझ्या सुमीला बघायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा हातात, तेवढ्यात परब रिकामी काडेपेटी घेऊन दारात. "वैनी, दोन झुरळां दिया. तुमच्याकडली जाडजूड आसतत." मेल्या माणसा! पाहुणे जे उठले ते परत फिरकले नाहीत. त्या दिवशी मी शपथ घेतली, एक तर ही शेवंता चाळीत राहील, नाही तर मी.

आणि एका रविवारी सकाळी बघते तर शेवंता बरणीत उताणी, आठही पाय वर. गेली! पाच मिनिटांत बातमी चाळभर झाली. लोकांनी हुश्श केलं. परबांनी दार लावून घेतलं होतं.

आता आली पंचाईत. घरात कोणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीने पिठलं-भात न्यायचा. कोळ्याचं सुतक कोण पाळतं? पण माणूस आत उपाशी बसलेला. चरफडत पिठलं ढवळलं, ताट झाकलं नि दार ठोठावलं.

"ह्या काय?"

"तुमची शेवंता गेली ना? जेवून घ्या गुमान."

"कोण म्हणता गेली?" परब असे भडकले! "कात टाकता हा ती! उताणी पडूनच टाकतत! सकाळपासून राखण करतंय मी, कोणी बरणीक हात लावात म्हणून, नि तुमी मयताचा ताट घेऊन इलात?"

"मग आणा ते ताट इकडे!"

ताट काही सुटेना. दोन्ही हातांनी घट्ट धरून परब खाली बसले. आवाज एकदम उतरला. "माजी बायल गेली तेवा आमी कुर्ल्याच्या चाळीत नवीन होतो. कोण येवक नाय. मसणातून इलंय नि मीच स्टो पेटवून भात टाकलंय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "एक माणूस आलं नाही? माणसं होती की दगड? कुठली चाळ? नावं सांगा एकेकाची, आत्ता जाऊन विचारते!"

"वैनी, हळू," परब पिठल्याचा घास घेत, बरणीकडे बघत म्हणाले. "ती दमली हा."

मग काय करते! त्यांचं जेवण होईपर्यंत दात-ओठ खात तिथेच बसले.