टार्टनवाले काका

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या महाराष्ट्र मंडळात कुणाचेही आईवडील भारतातून येणार असले, की त्यांना विमानतळावरून आणायला देशपांडेकाका आपणहून जात. परोपकार म्हणून नव्हे. हवाईसुंदऱ्यांचे गणवेश बघायला. हे ते स्वतःच सांगत. हल्ली गेटपर्यंत सोडत नाहीत, याचा त्यांना मनापासून राग होता.

काका विधुर. मोटारींच्या सीटचं कापड विणणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. टार्टनला, म्हणजे त्या स्कॉटिश रंगीत चौकटींच्या कापडाला, कुणी 'चेक्स' म्हटलं की दुखावत. "चेक्स तुझ्या शर्टाला. हा टार्टन. छापलेला नव्हे, विणलेला." मग स्कॉटलंडच्या घराण्यांपासून सुरुवात. कुठल्याच घराण्याचा रुसवा नको म्हणून एका विमान कंपनीने स्वतःचा टार्टन कसा विणवून घेतला, अख्खा स्कर्ट आक्रसत स्कार्फाएवढा कसा उरला, हे ऐकेपर्यंत आमची मुलं "कॅन वी गो नाऊ?" विचारायला लागत. काकांची जेवलेली प्लेट तोवर खुर्चीखाली. ती दुसऱ्या कुणीतरी उचलायची. बापजन्मात त्यांनी उष्टं काढलं नव्हतं.

मुलीशी, नंदाशी, बिनसलं ते यावरूनच, असं मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं. ती एअर होस्टेस व्हायला निघाली, तेव्हा काका म्हणाले होते, "लोकांची उष्टी काढायची असतील तर या घरात परत यायचं नाही." ती आली नाही. फोनही नाही. तिच्या विमान कंपनीच्या गणवेशात टार्टन आहे, एवढंच काकांना कळलं होतं.

२००५ साली माझी आई आली, तेव्हा मीही काकांबरोबर विमानतळावर गेलो. काकांनी तिच्या बॅगा गाडीत टाकल्या आणि विचारलं, "वहिनी, लंडनपर्यंतच्या विमानात कुणी मराठी मुलगी होती का हो? हनुवटीवर तीळ असलेली?"

"होती की. गळ्यात चेक्सचा स्कार्फ बांधलेली."

काकांनी चूक दुरुस्त केली नाही.

"माझं उष्टं उचलायला लागली, मलाच कसंसं झालं," आई म्हणाली. "तर म्हणते, असू दे हो काकू."

"बरी होती ना? तब्येतीने?"

"छान होती. हसतमुख."

काकांनी गाडी सुरू केली. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आमच्याकडे जेवणं झाली. आई ताट घेऊन उठणार, तोच काकांनी ते उचललं.

"अहो भाऊजी, उष्टं आहे ते."

"असू दे हो," काका म्हणाले आणि सिंकपाशी गेले. भांड्यांचा साबण कुठला, हे त्यांना माझ्या बायकोला विचारावं लागलं.